न आलेली घरघर

मी एक जुना स्पीकर आहे. बदलापूर पूर्वेला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या खिडकीपाशी एका लाकडी घोडीवर मी बसलेला असतो. माझा जोडीदार खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहे. तो उजवा, मी डावा. आम्ही एकमेकांशी बोलू शकत नाही, पण गाणे लागले की दोघे मिळूनच गातो. मित्रांनो, माझ्या पोटातून जो आवाज कधी निघालाच नाही, त्या आवाजापायी मी भंगारात जाता जाता वाचलो. आणि माझ्यापेक्षाही जास्त घाबरली होती ती दोन माणसे, ज्यांच्या घरात मी राहतो.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका गल्लीतला. समोर जीन्स शिवणाऱ्या यंत्रांची खडखड, शेजारी लाकडाला पॉलिश मारणाऱ्यांचा उग्र वास, आणि मधल्या अंधाऱ्या गाळ्यात लखमीचंद नावाचे वयस्क सिंधी गृहस्थ. त्यांनी प्लायवूडचे खोके ठोकले, आत चुंबक बसवले, कागदाचा काळा पडदा ताणून चिकटवला आणि वर तपकिरी कापड मढवले. मग बोटाच्या पेराने माझ्या पाठीवर टकटक करून ते कान देऊन उभे राहिले. मी नीट वाजलो असेन, कारण ते हसले.

मला विकत घेतले शरदचंद्र टिपणीस यांनी. ते तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. गाण्याचे वेड इतके, की दुकानात उभे राहून त्यांनी आम्हा दोघांना कितीतरी वेळ ऐकले. डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून. मग एका सोलापुरी चादरीत गुंडाळून त्यांनी आम्हाला घरी आणले. दार उघडले ते कुंदाताईंनी. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. बदलापूर गावात वाढलेल्या, जुन्या वस्तीतल्या. त्यांनी आम्हाला हळदकुंकू वाहिले आणि माझ्यावर विणलेला रुमाल घातला. शरदचंद्रांनी तो लगेच काढला. आवाज दबतो म्हणाले. कुंदाताईंनी रुमालाची घडी घातली आणि त्या आत गेल्या.

पुढे दर रविवारी सकाळी आमच्या घरी श्रोत्यांचे मंडळ भरू लागले. पाचसात माणसे यायची. बँकेत नोकरीला असलेले दिनानाथ चित्रे, गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या अंजनीबाई आणि असेच आणखी कोणी कोणी. सतरंजीवर बसायचे, गाणे ऐकायचे, मग त्यावर बोलायचे. बोलणारे मुख्यतः शरदचंद्रच. बाकीचे माना डोलवायचे. कुंदाताई पोह्यांच्या बश्या द्यायच्या आणि चहाचा ट्रे घेऊन दाराशी थांबायच्या, कारण गाणे चालू असताना आत यायचे नाही असा नियम होता.

या मंडळाचे एक दैवत होते. 'धुकेरी आवर्तने' नावाचा एका बुवांचा अल्बम. आधी तो कॅसेटवर आला, मग सीडीवर. वर्तमानपत्रांनी त्याला युगप्रवर्तक म्हटले होते. शरदचंद्र म्हणायचे की ज्याला हा अल्बम कळला त्याला गाणे कळले, आणि ज्याला आवडला नाही त्याच्याशी गाण्यावर बोलण्यात अर्थ नाही. त्यांचे प्रेम खोटे नव्हते बरे. ते एकटे असतानाही तो अल्बम लावायचे. शेवटच्या आलापाला त्यांचे डोळे भरून यायचे. ते मी समोरून पाहिले आहे.

मी स्पीकर आहे. मला आवडनिवड नसते, निदान नसावी. पण कुंदाताईंची आवड मला ठाऊक होती. शरदचंद्र कारखान्यात गेले, दुपारची भांडी झाली, की त्या डब्यांच्या फळीमागून एक कॅसेट काढायच्या. बदलापूर गावात कुणाच्या तरी हळदीला बँजो पार्टी वाजली होती, ती त्यांच्या भावाने टेप करून दिली होती. बँजोची किणकिण, मागे ढोलाचा दणका, मधेच बायकांचे हसणे, कुणाचे तरी ओरडणे. कुंदाताई आवाज अगदी बारीक ठेवायच्या. खिडकी लावून घ्यायच्या. तांदूळ निवडता निवडता त्यांचा पाय जमिनीवर ठेका धरायचा. जिन्यात पाऊल वाजले की त्या दचकून बटण बंद करायच्या. कित्येकदा ते पाऊल शेजाऱ्यांचे असायचे, तरी त्या पुष्कळ वेळ छातीवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

तुम्ही म्हणाल, एवढे काय घाबरायचे? शरदचंद्रांनी त्यांच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. पण मित्रांनो, मी शौनकचा रविवार पाहिला आहे.

शौनक हा आमच्याच इमारतीतला तरुण इंजिनीअर. हौसेने मंडळात आला. 'धुकेरी आवर्तने' संपूर्ण ऐकले आणि साधेपणाने म्हणाला की लोक एवढे का वाखाणतात ते कळत नाही, त्याला तर मधे झोप येत होती. शरदचंद्र रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या कानांचा दोष नाही. घरी ऐकायची सवय लावली नसेल कुणी." सगळे हसले. दिनानाथ तर मांडीवर थाप मारून हसले. शौनक लाल झाला. चहा न घेताच उठला आणि पुन्हा आला नाही. जिन्यात भेटला तरी तो खाली पाहून जायचा. दाराशी उभ्या असलेल्या कुंदाताई ट्रे घेऊन तशाच आत वळल्या. कपबश्यांचा तो बारीक आवाज मला ऐकू आला. बाकी कुणाला आला नसावा.

वर्षे गेली. शरदचंद्र निवृत्त झाले. मुलगा गंधार पुण्याला स्थायिक झाला. मंडळ मात्र चालूच होते. मग एका रविवारी दिनानाथांनी कल्पना काढली की 'धुकेरी आवर्तने' निघाल्याला आता बरीच वर्षे झाली, तर सभागृह घेऊन जाहीर कार्यक्रम करू, आणि त्यात वहिनींनी बोलावे. इतकी वर्षे दाराशी उभे राहून ज्यांनी हे गाणे ऐकले, त्या मूक श्रोत्याचे मनोगत. सगळ्यांना ते फार आवडले. शरदचंद्रांचा चेहरा उजळला. त्यांनी कुंदाताईंना हाताला धरून सतरंजीवर बसवले. आज दाराशी नाही, आमच्यात बसून ऐक म्हणाले.

अल्बम सुरू झाला. मी गात होतो आणि कुंदाताईंकडे पाहत होतो. त्यांनी पदराचे टोक बोटाला घट्ट गुंडाळले होते. इतके, की बोट पांढरे पडले. शेवटचा आलाप विरला. खोलीत ती नेहमीची शांतता पसरली. मग शरदचंद्र वळले आणि प्रेमाने म्हणाले, "सांग कुंदा. काय वाटलं तुला?"

सगळे कुंदाताईंकडे पाहू लागले. खोटी स्तुती करायची तर शब्द हवेत, आणि ते त्यांच्याकडे नव्हते. खरे सांगायचे तर शौनकचा तो लाल चेहरा डोळ्यांपुढे होता.  त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"डाव्या स्पीकरातून घरघर येतेय," त्या म्हणाल्या. "त्यामुळे नीट ऐकूच आलं नाही."

माझा कागदी पडदा आतल्या आत गोठला. मी घरघरलो नव्हतो. एकही स्वर मी फाटका सोडला नव्हता. पण मला बोलता कुठे येते? जे कुणी माझ्यात पाठवील तेवढेच मी बोलतो.

आणि मग जे झाले त्याची मला अजून भीती वाटते. दिनानाथांनी मान वाकडी करून भुवया आवळल्या आणि म्हणाले की हो, वहिनींचे बरोबर आहे, त्यांनाही मघापासून जाणवत होती, विशेषतः खर्जात. अंजनीबाई म्हणाल्या की त्यांना तर मागच्या रविवारीच शंका आली होती. एकेक करून सगळ्यांना घरघर ऐकू आली. जी वहिनींना ऐकू आली ती आपल्याला आली नाही, हे कोण कबूल करणार?

शरदचंद्र उठले. त्यांनी पुन्हा सीडी लावली. कान माझ्या दिशेला केला. मग हळूच म्हणाले, "हो, आहे खरी." त्यांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घोडीवरून उतरवले, त्याच जुन्या चादरीत गुंडाळले आणि रिक्षातून उल्हासनगरला नेले. रस्ताभर ते मला मांडीवर धरून बसले होते. त्यांची बोटे माझ्या कडा सारख्या चाचपत होती. लखमीचंद आता नव्हते. त्यांचा मुलगा दुकान चालवत होता. त्याने मला उघडले, पडदा बोटाने दाबून पाहिला, तारा तपासल्या, वाजवून पाहिले.

"अंकल, मेरे को तो कुछ खराबी नहीं दिखती," तो म्हणाला. "पण इकडे बाजारात एवढा आवाज, काय समजणार? तुम्हाला घरी येते ना घरघर?"

शरदचंद्र माझ्या कापडावरची धूळ झटकत राहिले. मुलाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले. मग मला परत बंद करता करता सहज सांगू लागला. त्याच्या पपांचे असेच झाले होते. आयुष्यभर कानावर धंदा केला, पण उतारवयात आधी बारीक आवाज यायचे बंद झाले, मग मोठे. त्यांनी घरात कुणाला सांगितले नाही. रस्त्यात मागून आलेल्या गाडीचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही, तेव्हा घरी कळले. तो मायेनेच बोलत होता. पण शरदचंद्रांचा हात माझ्या खोक्यावर असा आवळला, की मला वाटले आता माझे प्लाय तडकणार.

मित्रांनो, आता कळले ना त्यांची भीती कशाची होती? घरघर सगळ्यांना ऐकू येते, त्यांच्या बायकोला येते, एकट्या त्यांना येत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कानांवर मान मिळवला, त्याचे कान चालले, असे त्यांना वाटले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कुंदाताई भाजी आणायला गेल्या की शरदचंद्र दार लावून घ्यायचे आणि माझ्यासमोर जमिनीवर बसायचे. आधी हळू, मग मोठ्याने, मग त्याहून मोठ्याने गाणे लावायचे. कान माझ्या कापडाला टेकवायचे. त्यांच्या कानाची ऊब मला लागायची. गालाची शीर उडत असायची. ते घरघर शोधायचे आणि मी, बिचारा, जितके स्वच्छ गाता येईल तितके गायचो. मी जितका स्वच्छ गाई तितके ते घाबरत. एकदा तर मला वाटले, काहीही होवो, आपण एकदा फाटून घ्यावे. म्हणजे या माणसाला झोप येईल.

त्यांनी सकाळचे फिरायला जाणे सोडले. रस्ता ओलांडताना ते आता थबकायचे, डावीउजवीकडे पुनःपुन्हा पाहायचे, हे कुंदाताईंनी खिडकीतून पाहिले. दारावरची घंटा वाजली की ते चटकन कुंदाताईंच्या तोंडाकडे बघायचे, खरेच वाजली ना हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायला. जेवताना बोलेनासे झाले. कुंदाताईंना वाटले काहीतरी मोठे दुखणे आहे आणि ते आपल्यापासून लपवत आहेत. त्या फोनवर गंधारशी दबक्या आवाजात बोलायच्या. गंधारला दुसरे काही सुचले नाही. त्याने एक नवा, मुठीएवढा, बिनतारेचा स्पीकर पाठवून दिला. तो खोक्यातून निघाला आणि माझ्या डोक्यावरच ठेवला गेला. माझे दिवस भरले हे मी ओळखले.

मग एका सकाळी शरदचंद्र म्हणाले की उद्या भंगारवाल्याला बोलाव. दोन्ही स्पीकर देऊन टाकू. मंडळही बंद करतो. दिनानाथला कळवतो, कार्यक्रम होणार नाही.

कुंदाताईंच्या हातातली लाटी तशीच राहिली. घरातून गाणे जाणार, रविवार जाणार, ते मनोगतही जाणार. ज्याला त्या इतकी वर्षे भ्यायल्या ते सगळे आपोआप टळत होते. त्यांनी फक्त गप्प राहायचे होते. पण त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. ते खिडकीशी उभे होते आणि त्यांचे खांदे एकाएकी म्हाताऱ्यासारखे उतरले होते. कुंदाताई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले की नेमके काय झाले आहे.

शरदचंद्र माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला ती घरघर ऐकू येत नाही, कुंदा. तुम्हा सगळ्यांना येते. मला एकट्यालाच नाही."

ते हे लहान मुलासारखे म्हणाले. मी त्या आवाजात त्यांना कधी बोलताना ऐकले नव्हते.

कुंदाताई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या.  मला वाटले, त्या आता पुन्हा माझ्याकडे बघणार. पण त्यांनी पाहिले नाही.

"घरघर नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "स्पीकर चांगला आहे. तुमचे कानही चांगले आहेत. मला ते गाणं आवडत नाही, म्हणून मी बोलले."

"कुठलं गाणं?"

"तुमचं ते. धुकेरी. पाहुण्यांसाठी राखलेल्या खोलीसारखं वाटतं मला ते. सगळं जागच्या जागी, पण बसायचं कुठे ते कळत नाही. मला हळदीचा बँजो आवडतो. तुम्ही कामाला गेलात की मी तो लावायचे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

गॅसवरच्या तव्याची चरचर मला ऐकू येत होती. कुंदाताई वाट पाहत होत्या. त्या चष्मा पुसण्याची, त्या शांत वाक्याची, शौनकला मिळाली तशा शिक्षेची. शरदचंद्र खाली बसले. त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि काढले. पुन्हा ठेवले आणि काढले. मग त्यांच्या छातीतून एक मोठा श्वास सुटला, आणि त्यांचे डोळे पाझरू लागले. ते बायकोवर रागवायचेच विसरले होते. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच म्हटले की तवा करपतो आहे. कुंदाताई आत गेल्या. भिंतीला टेकून रडल्या.

पण मित्रांनो, एक भीती गेली की दुसरी तिच्या जागेवर येऊन बसते. संध्याकाळी शरदचंद्रांना एकदम आठवले आणि त्यांनी विचारले, "मग दिनानाथला ऐकू आली ती कसली?"

कुंदाताई म्हणाल्या की ते त्यांनाच विचारा.

पुढच्या रविवारी मंडळ भरले. भंगारवाल्याला कुणी बोलावले नव्हते. मी माझ्या घोडीवर होतो आणि माझ्यावर कसलीही दुरुस्ती झालेली नव्हती. शरदचंद्रांनी 'धुकेरी आवर्तने' लावले, पहिला भाग होऊ दिला आणि विचारले की आज घरघर कशी वाटते. दिनानाथ म्हणाले की बरीच कमी झाली, दुरुस्ती छान झाली आहे. अंजनीबाई म्हणाल्या की खर्जात मात्र अजून किंचित आहे.

दाराशी कुंदाताई ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटले, आता नवऱ्याचे ते शांत वाक्य येणार आणि या म्हाताऱ्या माणसांची सगळ्यांसमोर शोभा होणार. शरदचंद्रांचे ओठ हललेही. पण त्यांनी शब्द गिळला.

"मला कधीच ऐकू आली नाही," ते म्हणाले. "मी त्या दिवशी खोटं बोललो. घाबरलो होतो."

कुणी कुणाकडे बघेना. दिनानाथ सतरंजीचा दोरा ओढत राहिले. मग अंजनीबाई अगदी हळू म्हणाल्या, "मलाही नाही." दिनानाथांनी ओढता ओढता तो दोरा तोडला. शरदचंद्र एकेका चेहऱ्याकडे पाहू लागले. ते काय विचारणार आहेत हे मला कळले. ते विचारणार होते की तुमच्यापैकी हा अल्बम खरोखर कुणाला आवडतो. इतकी वर्षे डोलणाऱ्या माना आपल्याबरोबर ऐकत होत्या, की नुसत्या डोलत होत्या? पण तो प्रश्न त्यांनी विचारला नाही. उत्तराची भीती वाटली असावी. त्यांनी उठून सीडी बंद केली. कुंदाताईंनी नियम मोडून ट्रे आत आणला आणि सगळ्यांनी चहा घेतला.

जाहीर कार्यक्रम झाला नाही. मंडळात आता कधी तीन माणसे असतात, कधी दोन. दिनानाथ येत नाहीत. एकदा शरदचंद्र जिना उतरून शौनकच्या दारापर्यंत गेले होते, असे कुंदाताई फोनवर गंधारला सांगत होत्या. घंटा वाजवली की नाही ते कुंदाताईंनाही माहीत नाही. दुपारी कधी कधी कुंदाताई खिडकी उघडी ठेवून बँजो लावतात. शरदचंद्र तेव्हा वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जातात. त्यांना तो आवडत नाही, आणि तसे ते सांगतातही. सकाळी ते 'धुकेरी आवर्तने' लावतात, तेव्हा कुंदाताई म्हणतात की मी जरा खाली जाऊन येते, आणि जातात. शरदचंद्र एकटेच ऐकतात. त्यांचे डोळे अजूनही शेवटच्या आलापाला भरतात. फक्त आता मधेच ते रिकाम्या सतरंजीकडे पाहतात.

मित्रांनो, माझे वय झाले आहे. कापड विरले आहे, कागदी पडद्याच्या कडा ठिसूळ झाल्या आहेत. एक दिवस माझ्या पोटातून खरीखुरी घरघर येईल. त्या दिवसाची मला भीती वाटते, पण मोडण्याची नाही. मला भीती वाटते की ती ऐकून ही दोन प्रेमळ माणसे एकमेकांकडे पाहतील आणि दोघेही दयेपोटी म्हणतील, छे, काही नाही, छान वाजतो आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखी जुनी वस्तू असेल. तिच्यावरची धूळ पुसा, तिला ओलीपासून जपा. तुम्हाला गाणे आवडले नाही तर आवडले नाही म्हणा, आणि आम्ही बिघडलो तर बिघडलो म्हणा. आम्ही बिघडलो असे खरेच कुणी सांगितले, तर निदान कुणीतरी आम्हाला उघडून बघेल.